टाळीला दहा बोटं लागतात

पहिला संशय मला त्याच्या बुटांचा आला.

आमचा गाळा भाईंदर पूर्वेला. स्टीलची भांडी बनायची, डबे, ताटं, पातेली. तिथे बूट कोणी घालत नाही. मी स्वतः चाळीस वर्षं पॉलिश केलं ते स्लीपर घालून. आणि हा माणूस पत्रा दाबायच्या प्रेसवर कामाला म्हणून आला तो काळे, नाडीचे, चकचकीत बूट घालून. पन्नाशी उलटलेली, अंगात धुवट शर्ट, खिशाला दोन पेनं. मी मनात म्हटलं, हा कामाला आलेला नाही. हा बघायला आलेला आहे.

खिशाला पेन असलेल्या माणसावर माझा विश्वास नाही, आणि त्याला कारण आहे. आमचं घर भाईंदर पश्चिमेचं, जुनं, मिठागरवाल्यांचं. माझ्या बापाचा अंगठा असाच एका पेनवाल्याने घेतला आणि मिठागरातला आमचा वाटा कागदावरून गेला तो गेलाच. मी चौथीपर्यंत शिकलो. छापलेलं वाचतो, बोट ठेवून, सावकाश. हाताने लिहिलेलं गिचमिड मला लागत नाही. सही मात्र माझी झोकदार आहे. बँकेतला माणूस दोनदा बघतो.

तर बूट. चार दिवस वाट बघून मी त्याला विचारलंच.

"काय रे, लग्नाला चाललायस का?"

"नाही मालक," तो म्हणाला, "मागच्या गाळ्यात पत्र्याचा गठ्ठा पायावर पडला. तेव्हापासून पाय घाबरलेत, बुटातच ठेवतो."

मी काही त्याचे बूट काढून बघितले नाहीत. खरं असेल, खोटं असेल. पण त्याने मला मालक म्हटलं हे माझ्या डोक्यात गेलं. मला वाटलं थट्टा करतोय. मग कळलं, तो सगळ्यांनाच मालक म्हणतो. झाडूवालीला मालकीणबाई. आणि जे खरे मालक, आमचे शेठ, त्यांना तोंडावर म्हणायचा, "नमस्कार गाळेवाले." शेठ हसायचे. शेठ हसले की माझा संशय वाढायचा.

त्याच्या डाव्या हाताची अडीच बोटं गेलेली होती. उरली साडेसात. "आम्हाला शनीची गरज नाही," म्हणायचा, "साडेसाती हातालाच आहे." कवी होता. कविता करताना म्हणे बोटांवर काहीतरी मोजावं लागतं. हा साडेसातवर थांबायचा, म्हणून त्याच्या ओळी तोकड्या. हे त्यानेच सांगितलेलं. जेवणाच्या सुट्टीत डबा संपला की उभा राहून एखादी म्हणायचा. संपल्यावर कोणी टाळी वाजवली तर त्याला राग यायचा.

"टाळी नको. टाळीला दहा बोटं लागतात. भांडं वाजवा."

मग सगळे समोरचं एकेक पातेलं उलटं करून त्यावर एक थाप मारायचे. एकच. मी मारायचो नाही. पॉलिश केलेल्या मालावर हाताचे डाग पडतात.

एक कविता मला पाठ आहे, कारण ती तो सारखी म्हणायचा:

*डबा आम्ही घडवला*
*डब्यात आमचं नाही*
*झाकण आम्ही लावलं*
*आत काय, माहीत नाही*

कविता लिहायचा तो भांड्यांच्या मध्ये घालायच्या खाकी कागदावर. लिहून झालं की काही वेळा तोच कागद दोन ताटांच्या मध्ये सरकवून द्यायचा आणि माल जायचा राजकोटला, नागपूरला, कुठे कुठे. मी म्हटलं, अशाने कविता हरवते. तर म्हणाला, "माझे वाचक मला माहीत नाहीत मालक, पण त्यांच्या घरी ताट आहे एवढं नक्की."

असली उत्तरं त्याच्याकडे तयार असायची. तयार उत्तरांचाही मला संशय आहे. गाव विचारलं तर कधी चिपळूणकडचं सांगायचा, कधी जळगावकडचं. पकडलं तर म्हणायचा, जिथली शिवी चांगली, तिथला मी. राहायचा वरसाव्याला, घोडबंदर रस्त्याकडे तोंड असलेल्या एका खोलीत, एकटा. आमच्यात कोणी म्हणालं की अमक्याला काम मिळालं, की हा मध्ये पडायचा. "मिळालं नाही. दिलं. काम आपण देतो. गाळेवाला जागा देतो, तीही भाड्याची."

ऐकायला बरं वाटतं. पण मी घरी येऊन बायकोला म्हटलं, हा माणूस आपली माणसं चाचपतोय. कोण काय बोलतं, कोण भांडं जोरात वाजवतं, ते वर कळवत असेल.

बायको भाकरी थापत होती. म्हणाली, "तुमी देवाचा परसाद पन हुंगून खाल."

भांडण मात्र आमचं एकदाच झालं, तेही कवितेवरून. त्याने पॉलिशवाल्यांवर एक केली. पॉलिशची धूळ काळी असते, चार वाजेपर्यंत माणूस ओळखू येत नाही, नुसते डोळे आणि दात. त्यावर त्याने म्हटलं:

*तोंड माझं काळं झालं*
*ताट तुझं उजळलं*
*जेवताना वाकून बघ*
*कोणाचं तोंड दिसलं*

सगळ्यांनी भांडी वाजवली. मी उठलो. "तोंड माझं काळं झालं म्हणतोस. कधी झालं? तू प्रेसवर बसतोस. धूळ मी खाल्ली चाळीस वर्षं. मी, माझं, कशाला लावतोस?"

त्याने डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाला, "खरंय. मग तुम्ही लिहा मालक."

सगळे हसले. मी त्या दिवसापासून त्याच्याशी कामापुरतं बोललो.

आता शेठचं सांगतो, कारण खरा संशय तिथून पक्का झाला. कोणीतरी त्याची कविता मोबाइलवर घेतली आणि ती या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरली. मग भाईंदर पश्चिमेच्या एका हॉलमध्ये कवींचा कार्यक्रम ठरला. आम्ही गाळ्यातले सगळे गेलो. बघतो तर पहिल्या रांगेत, सोफ्यावर, आमचे शेठ. कार्यक्रमाचा खर्च त्यांचाच होता.

हा स्टेजवर गेला, तेच बूट घालून. डब्याची कविता म्हटली, ताटाची म्हटली. आणि सगळ्यात जोरात टाळ्या कोणी वाजवल्या? शेठनी. दहाही बोटांनी. उभे राहून. शेजारच्याला सांगत होते, "अपना आदमी है. अपने ही गाले का." मग त्यांच्याच हाताने सत्कार झाला. शाल, नारळ, आणि स्टीलचा डबा. आमच्याच गाळ्यातला. याने तो डबा स्टेजवरच उलटा करून बूड बघितलं आणि माइकमध्ये म्हणाला, "हा माझ्या प्रेसचा. काठ जरा वाकडा आलाय, माफ करा." हॉल हसला. शेठही हसले.

मी नाही हसलो. बाहेर आल्यावर त्याला गाठलं.

"ज्याच्या नावाने बोंब मारतोस त्याच्याच हातून शाल घेतोस?"

"स्टेज त्याचं, माइक त्याचा, शिव्या माझ्या. तोटा कोणाचा झाला, सांगा."

"आपला," मी म्हटलं. "तो टाळ्या वाजवून मोकळा झाला. आता उद्या काही मागायला गेलो तर म्हणेल, मी तर तुमची कविता पण ऐकतो."

त्याने शाल काखेत मारली. नारळ माझ्या हातात दिला आणि रिक्षा बघायला लागला. नारळ मी घरी नेला नाही. तिथेच हॉलच्या पायरीवर ठेवला.

त्यानंतर काही महिन्यांनी रामदुलारचा हात गेला.

रामदुलार म्हणजे आमच्या गाळ्यातला प्रेसवाला, बिहारकडचा, दोन मुलींचा बाप, गरीब माणूस. प्रेसचं असं असतं, तिला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दोन्ही दाबली तरच वरचं वजन खाली येतं. म्हणजे हात बाहेर राहतात. पण एक बटण तारेने दाबून बांधून ठेवलं, की एका हाताने पत्रा सरकवायचा आणि दुसऱ्याने बटण दाबायचं. माल दुप्पट निघतो. आमच्या पाचही प्रेसना तार होती. कोणी बांधली हे कोणी विचारत नव्हतं. आम्ही पॉलिशवाले तर त्या बाजूला जायचोच नाही.

जेवणानंतरची वेळ. आवाज नेहमीसारखाच झाला. ओरडला तो नंतर. तीन बोटं पत्र्यावर राहिली.

त्याला रिक्षात घालून नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाळा उघडला तेव्हा पाचही तारा गायब. बटणं मोकळी, पुसून ठेवलेली.

त्याच दिवशी दुपारी शेठ स्वतः पॅकिंगच्या टेबलापाशी आले. हातात कागद. म्हणाले, सरकारी मॅडम चौकशीला येणार आहेत, सगळे कामावर हजर होते असं लिहून द्यायचंय. मग माझ्याकडे वळले. "काका, आप तो पढ़े-लिखे हो. सबसे पुराने. पहली साइन आपकी."

कागद मुनीमजींच्या हातचा होता, गिचमिड. मी तो चष्मा लावून वरपासून खालपर्यंत बघितला, वाचल्यासारखा. सगळे माझ्याकडे बघत होते. मी मान हलवली आणि सही केली. झोकदार. माझी बघून मागच्या चौघांनी केली. मला तेव्हा बरंच वाटलं. शेठ पहिल्यांदा माझ्याकडे आले, त्या कवीकडे नाही.

मग माझं सगळं लक्ष लागलं कवीकडे. कारण त्याचं वागणं बदललं. तीन दिवस रोज शेठ त्याला केबिनमध्ये बोलवायचे. दार बंद. आत चहा जायचा, दोन कप. अर्ध्या तासाने हा बाहेर यायचा, कोणाशी न बोलता प्रेसवर बसायचा. आणि रामदुलारवर कविता? नाही. एक ओळ नाही. गाळ्यात उंदीर मेला तरी कविता करणारा माणूस, आणि ज्याच्याबरोबर रोज डबा उघडला त्याची तीन बोटं गेली तर गप्प.

मी हिशोब लावला. शाल, सोफा, चहा. मी एकेकाला गाठून सांगितलं, हा विकला गेलाय. मॅडमपुढे हा शेठचीच बाजू घेणार. रामदुलारची केस हाच बुडवणार. लोकांना पटलं. म्हाताऱ्या माणसाचं पटतं. लोकांनी त्याच्यासाठी भांडं वाजवणं सोडलं, मग त्याच्याबरोबर जेवणं सोडलं. तो एकटा प्रेसच्या मागे बसून जेवायचा. मी मुद्दाम तिकडून जायचो, बघायला. तो मला म्हणायचा, "या मालक." मी जायचो पुढे.

मॅडम आल्या त्या दिवशी रामदुलारही आला होता, हाताला पांढरं बोचकं. पॅकिंगच्या टेबलाभोवती सगळे उभे. शेठनी कागद पुढे केला. मॅडमनी तो मोठ्याने वाचला. माझ्या कानांनी मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं त्यात काय होतं. रामदुलारने स्वतःच्या मनाने बटणाला तार बांधली, वारंवार समज देऊनही ऐकलं नाही, हे आम्ही खाली सह्या करणाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मग सह्या वाचल्या. पहिलं नाव माझं.

रामदुलारने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. तो फक्त म्हणाला, "काका?"

मॅडमनी सगळ्यांकडे नजर फिरवली आणि कवीला विचारलं, "प्रेसवर वयाने सगळ्यात मोठे तुम्हीच ना? तुमची सही नाही."

"खोटं आहे म्हणून नाही," तो म्हणाला. "तीन दिवस मागितली. दिली नाही."

"काय खोटं आहे?"

"तार रामदुलारने नाही बांधली. मी बांधली. पाचही प्रेसना. गाळेवाल्यांनी सांगितलं, माल कमी पडतोय, बांध. मी बांधली. जुना माणूस आहे, गाठ पक्की येते मला."

मला वाटलं, अरे, म्हणजे माझा संशय खरा होता. आणि लगेच वाटलं, खरा कुठे होता? ज्याने तार बांधली तोच उभा राहून सांगत होता, आणि ज्याने रामदुलारला बुडवलं त्याचं नाव कागदावर पहिलं होतं.

शेठ ओरडले, "झूठ बोलता है! काका को पूछो. काकाने पढ़ के साइन किया है."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "काका, तुम्ही हे वाचून सही केलीत का?"

हो म्हटलं असतं तर माझी इभ्रत राहत होती आणि रामदुलार संपत होता. चाळीस वर्षं त्या गाळ्यात मी शिकलेला काका होतो. लोकांची पत्रं, बिलं माझ्याकडे यायची आणि मी चष्मा विसरलोय म्हणून परत करायचो. मी कवीकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. मुद्दाम बघत नव्हता, ते मला कळलं.

"न्हाय," मी म्हटलं. आवाज घरचा निघाला. "मना हातचा लिवलेला वाचता येत न्हाय. छापलेला येते. ह्यो कागद मी वाचलेला न्हाय."

कोणीतरी हसलं. कोण ते मला माहीत आहे, पण इथे नाव घेत नाही. माझ्या मागून बाकीचे चौघेही बोलले, आम्ही काकांची सही बघून केली.

मॅडमनी ते सगळं लिहून घेतलं आणि मला वाचून दाखवलं, प्रत्येक ओळीवर बोट ठेवून. मग माझी सही घेतली. रामदुलारची केस उभी राहिली. कायद्याने त्याचं जे होतं ते त्याला मिळालं, आता तो एका इमारतीत लिफ्टवर असतो, भेटला की डाव्या हाताने नमस्कार करतो. शेठनी मला आणि कवीला दुसऱ्या दिवशीपासून येऊ नका म्हणून सांगितलं.

त्या दिवशी आम्ही दोघं गाळ्याबाहेरच्या टपरीवर उभे राहिलो. चहा त्याने सांगितला.

मी विचारलं, "तुला ठाऊक होतं त्या कागदावर माझी सही आहे?"

"पहिल्या दिवसापासून. केबिनमध्ये मला तोच दाखवला. म्हणाले, काकांनी केली, तू पण कर."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? नुसते बघत होतात." त्याने चहा फुंकला. "आणि मी तार बांधणारा. मी कोणत्या तोंडाने तुम्हाला सांगू, की तुमचं चुकलं?"

"म्हणून कविता केली नाहीस रामदुलारवर."

"सुचली. म्हणायची लाज वाटली."

थोड्या वेळाने तो आपल्या साडेसात बोटांवर काहीतरी मोजायला लागला. ओठ हलत होते. मी ओळखलं.

"त्या सहीवर कविता केलीस तर याद राख."

"चांगली होईल हो."

"नको."

"नाव नाही घालत तुमचं. एकच कडवं. तारेच्या कवितेला शेवट पाहिजे ना मालक. तार बांधली त्याच्यावर संपवली, तर अर्धीच राहते. कागद वाचला नाही आणि सही केली, त्याच्यावर संपली पाहिजे."

"नको म्हटलं ना. मला सगळ्यांपुढे बोलावं लागलं, तेवढं पुरे. आता ते घरोघरी ताटांतून पाठवू नकोस."

त्याने हात खाली केला. "बरं," म्हणाला. मला ते बरं खरं वाटलं नाही. लिहिणारा माणूस असलं काही सोडत नाही. पुढे कधी वरसाव्याला त्याच्या खोलीवर गेलो तर माझी नजर आधी खाकी कागदांवर जायची. तोही ओळखायचा. कागद उचलून माझ्याकडे द्यायचा, म्हणायचा, "तपासा." त्याचं अक्षर गिचमिड. मी तपासणार काय?

दोन वर्षांपूर्वी तो वारला. न्यायला आम्ही सहा जण होतो. यंदा दोन शिकलेली माणसं माझ्या घरी आली, त्याचं पुस्तक घेऊन. खोलीत सापडलेले कागद गोळा करून छापलंय. छापलंय, म्हणजे मला वाचता येतं. महिनाभर वाचलं, बोट ठेवून. कविता कळावी म्हणून नाही. माझी सही कुठे सापडते का ते बघायला. पानापानाला वाटायचं, आता येईल. शेवटाकडे तारेची कविता सापडली:

*तार होती हातभर*
*गाठ होती साधी*
*सोडता आली असती*
*सोडली नाही कोणी आधी*

त्याखाली पान कोरं. कोऱ्या जागेत बारीक अक्षरात त्या लोकांनी छापलंय, की ही कविता अपूर्ण आहे, शेवटचं कडवं हरवलं असावं.

मागच्या महिन्यात ते दोघे परत आले. म्हणाले, काका, तुम्ही त्यांच्या जवळचे. ते कडवं तुमच्याकडे असेल, किंवा आठवत असेल. त्याशिवाय ही कविता मध्येच तुटल्यासारखी वाटते. मी म्हटलं, माझ्याकडे काही नाही. चहा पिऊन गेले.

मग मी हे लिहायला बसलो. सुटी सुटी, छापल्यासारखी अक्षरं काढायची म्हणजे वेळ लागतो. सतरा दिवस लागले. हे त्यांच्याकडे पाठवतोय. पुढच्या वेळी पुस्तक काढाल, तेव्हा ती बारीक ओळ काढून टाका आणि तिच्या जागी माझ्या नावानिशी एवढं छापा: कडवं हरवलेलं नाही. ते मी त्याला लिहू दिलं नाही.